पुलावरची गाडी

सासरे सकाळपासून टेकडीवरच्या कठड्याला चिकटून उभे होते. डिझेल इंजिनाची गाडी समोरच्या पुलावरून गेली, तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. मग खालच्या बोगद्यातून धुराचा लोट उसळला आणि त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला.

"आली! आली बघ!"

कोळशाचं इंजिन धापा टाकत वळण घेऊन उंच पुलावर आलं. मागून एकेक डबा उजेडात येत होता आणि वाफेचे ढग दरीत उतरत होते. शिट्टी घुमली, तसे सासरे चक्क उड्या मारायला लागले.

"बाबा, अहो, गुडघे!" सून ओरडली.

"गुडघे गेले खड्ड्यात! तिचा तोरा बघ!"

शेजारी कॅमेरा घेऊन उभी असलेली मुलगी हसली. "आजोबा, पहिल्यांदाच बघताय का ही गाडी?"

"हो, पहिल्यांदाच," ते डोळे पुसत म्हणाले.

"काहीतरीच काय, बाबा!" सुनेला हसू आवरेना. "रिटायर होईपर्यंत तुम्हीच तर चालवायचात ना ती?"

"म्हणूनच तर गं," गाडीवरची नजर न काढता ते म्हणाले. "मी कायम आत होतो."