निझव्याच्या स्लाइड्स

आईने खुर्ची चादरीसमोर ओढून घेतली आणि म्हणाली, "हं, लाव."

गुरुदत्तने पडदे सारले. बाहेर ॲन आर्बर गावचा बर्फाळ फेब्रुवारी, दुपारी तीनचा उजेड असून नसल्यासारखा. भिंतीला पांढरी चादर टाचलेली, टीपॉयवर प्रोजेक्टर. स्लाइड्सची पिवळी डबी सकाळच्या टपालाने आली आणि नेमकी आईच्याच हाती लागली. ती म्हणाली, विष्णूने पाठवल्यात ना? मग बघू या की. आता नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

विष्णू म्हणजे गुरुदत्तचा धाकटा भाऊ, मस्कतला इंजिनिअर होता. जानेवारीतल्या एका शुक्रवारी मित्रांबरोबर निझवा गावचा किल्ला बघायला गेला आणि परतताना रस्त्यातच संपला. नागपूरला चुलतभावाने अग्नी दिला. मित्रांनी कॅमेरा इकडे पाठवला, त्यातला रोल गुरुदत्तने धुवायला टाकला. हे सगळं झालं आणि आईला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. ऑक्टोबरात तिला इथेच हार्ट अटॅक आला होता. डॉक्टर मित्र नरेंद्र म्हणाला, थोडं थांब यार, रिस्क घेऊ नकोस. थोडं थोडं करत पाच आठवडे गेले. मालिनी नवऱ्याला रोज म्हणायची, सांगून टाक एकदा. तो रोज म्हणायचा, रविवारी सांगतो.

पहिली स्लाइड पडली. पांढरी गाडी, बॉनेटला टेकलेला विष्णू, एका हातात डबा, गालात घास.

"केस किती वाढवलेत," आई म्हणाली.

खोटं बोलायचं तर माणसाने निदान तयारी करावी. गुरुदत्तने तीही केली नव्हती. विष्णूने पत्रात लिहिलंय असं म्हणत तो दिसेल ते सांगत सुटला. हा बकऱ्यांचा बाजार, शुक्रवारी भरतो. हा खजुराचा बाजार. ही खंजिरांची दुकानं, सगळी चांदी. हा किल्ला, बुरूज बघ केवढा गोल. मातीचा आहे का रे, आईने विचारलं. मातीचाच, तो म्हणाला. एवढ्या उन्हात पाणी कुठून आणतात? डोंगरातून, पाटाने. आणि दुपारी जेवला कुठे? इथे गुरुदत्त अडखळला. मागून मालिनीने सांगितलं, डबा नेला होता ना, पहिल्याच फोटोत आहे. आईने मान हलवली.

शेवटच्या स्लाइडमध्ये विष्णू बुरुजावर उभा होता. कपाळावर आडवा हात, डोळे बारीक केलेले, खाली खजुराची झाडं, पलीकडे उघडेबोडके डोंगर. गुरुदत्तने सवयीने पुढचं बटण दाबलं आणि चादर पांढरीफटक झाली.

"एवढाच?"

"एवढाच रोल होता."

प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरत राहिला. आई चादरीकडेच बघत म्हणाली, "घराला रंग कधी देणार होतास?"

रंगाची युक्ती मालिनीची होती. घरात सुतक, म्हणजे पूजा बंद. आणि आई तर उठल्या उठल्या आंघोळ करून देवांपुढे बसायची. तिला काय सांगणार? म्हणून मालिनीने देव रेशमी फडक्यात बांधून कपाटात ठेवले होते. रंगारी यायचाय, धूळ उडेल म्हणून. तेव्हा स्वतःच्या हुशारीचं तिला जरा बरंही वाटलं होतं. रंगारी आला नाही. चौदाव्या दिवशी देव त्याच फळीवर, त्याच भिंतीपाशी परत आले.

"बर्फात कोण रंग काढतं?" आईचा आवाज चढला नव्हता. "तेरा दिवस देव कपाटात, चौदाव्याला बाहेर. तेव्हापासून विष्णूचं पत्र नाही. मला काय दिवस मोजता येत नाहीत?"

"आई, तुझ्या तब्येतीमुळे..."

"मधे संक्रांत होती. शेजारची सुमेधा तिळगूळ घेऊन आली. तुम्ही दोघांनी हातात घेऊन ठेवून दिला. मी खाल्ला. दोन खाल्ले. पोराच्या सुतकात मला गोड खाऊ दिलंत तुम्ही."

मालिनी रडायला लागली. एरवी सून नुसती शिंकली तरी उठणारी आई जागची हलली नाही. मग गुरुदत्तने अगदीच बावळटासारखं विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस?

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. "कसा गेला?"

"गाडीने. परत येताना. अंधार पडत होता, रस्त्यात उंट आडवा आला."

"परत येताना म्हणजे, हा किल्ला उतरल्यावर?"

"हो. त्याच संध्याकाळी."

"मागे घे."

त्याने मागचं बटण दाबलं. विष्णू बुरुजावर आला. मग किल्ला, मग खंजीर, खजूर, बकऱ्या. शेवटी पांढरी गाडी आली, बॉनेटला टेकलेला विष्णू, हातात डबा.

"ही ती गाडी?"

"हो."

आई खुर्चीचे हात धरून उठली आणि चादरीजवळ जाऊन उभी राहिली. गाडी तिच्या सावलीत गेली, विष्णू तेवढा उजेडात राहिला. बल्ब तापल्याचा वास यायला लागला.

"आई, फार वेळ ठेवली तर स्लाइड खराब होते," गुरुदत्त हळूच म्हणाला.

"होऊ दे," आई म्हणाली. "पुढे नको नेऊस."