खोलगट ताटली

वेटरने मांडीवर रुमाल पसरला तसे भाऊराव दचकले. "मैं कर लूँगा," ते म्हणाले, पण तोवर रुमाल पसरून झाला होता.

"पानी सादा लेंगे सर, या स्पार्कलिंग?"

"स्पार्कलिंग," भाऊराव ऐटीत म्हणाले. केंद्र सरकारातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने साधं पाणी काय मागायचं! पहिल्याच घोटाला ते बुडबुडे नाकात गेले, आणि त्यांचा चेहरा बघून लीलाबाईंनी रुमाल तोंडाला लावला. त्यांनी स्वतः आपलं साधंच पाणी मागितलं होतं.

लीलाबाईंना इथलं सगळंच आवडत होतं. गुरुग्रामच्या एवढ्या मोठ्या हॉटेलात कुणाचा आवाज म्हणून चढत नव्हता. टेबलावरचं कापड कडक इस्त्रीचं, पाव टोपलीत फडक्यात गुंडाळून आलेला, घरी आपण भाकरी ठेवतो तसा गरम. आणि समोर काचेची भिंत, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. तिथे पांढरा कोट घालून, आठ-दहा जणांना हाताखाली घेऊन त्यांची लेक उभी होती. आजपासून दुपारचं सगळं जेवण श्रावस्तीच्या देखरेखीखाली.

"बघा तरी तिकडे," लीलाबाई म्हणाल्या.

"बघितलं." भाऊरावांनी चमच्याने सूपमधला कांदा उगाच इकडून तिकडे केला.

श्रावस्तीने स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडून हे काम धरलं, तेव्हा ते एकदाच बोलले होते. "तुला एवढं शिकवलं ते लोकांची ताटं भरायला?" त्या दिवसापासून त्यांनी लेकीच्या हातचं खाल्लं नव्हतं. ती सुट्टीच्या दिवशी घरी काही करायला घ्यायची, की यांना नेमकी भूक नसायची. आजही ते आले, कारण लीलाबाईंनी सकाळी सरळ सांगून टाकलं, "तुम्ही राहू द्या. मी मेट्रोने एकटी जाते."

तेवढ्यात जेवण आलं. खोलगट पांढऱ्या ताटलीत कोंबडीचा मऊ शिजलेला तुकडा आणि त्याभोवती दाट, तांबूस रस्सा. वेटरने त्याचं नाव सांगितलं, ते दोघांनाही कळलं नाही.

भाऊरावांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. लीलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. काचेपलीकडे श्रावस्तीही हातातला चमचा तसाच धरून इकडे बघत होती.

भाऊरावांनी दुसरा घास घेतला. मग काटासुरी बाजूला ठेवली, पाव मोडला आणि बोटांनी रश्शात बुडवला. त्यानंतर ते मान खाली घालून जेवले. कुठे आलोय, कोण बघतंय, कशाचं भान नाही.

"बरं झालंय?" लीलाबाईंनी विचारलं.

त्यांनी पावाचा पुढचा तुकडा रश्शात बुडवला. उत्तर मिळणार नाही, हे लीलाबाईंना ठाऊक होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात "छान झालंय" म्हणून त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. जेवण मनासारखं झालं, की ते ताटात पाणी ओतायचे, बोट फिरवून कडा धुऊन घ्यायचे आणि ताट उचलून ते पाणी पिऊन टाकायचे. गावाकडची सवय. आईनेही लावलेली आणि उपासमारीनेही. लहानपणी श्रावस्ती आपली छोटी थाळी घेऊन त्यांच्या शेजारी अगदी तस्संच करायची आणि फ्रॉक भिजवून घ्यायची. पण हे सगळं घराच्या दाराआड. बाहेर भाऊराव साहेब होते. बाहेर त्यांनी जन्मात असं केलं नव्हतं, आणि इथे तर ते कोण करेल!

वेटरने ताटली उचलायला हात पुढे केला.

"रुकिए." भाऊरावांनी ताटलीवर हात ठेवला.

"कोई कंप्लेंट है, सर?"

काचेपलीकडे श्रावस्तीचा चेहरा उतरलेला लीलाबाईंना इथून दिसला. त्यांचा जीव तुटला. "अहो, काय झालं? नका ना आता काही..."

भाऊरावांनी आपला बुडबुड्यांचा ग्लास बाजूला सारला. लीलाबाईंचा ग्लास घेतला आणि त्यातलं पाणी ताटलीत ओतलं. बोट सावकाश कडेने फिरवलं. शेजारच्या टेबलावरची बाई बोलता बोलता थांबली. भाऊरावांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, ताठ बसले, ताटली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली आणि थेंबही न ठेवता प्यायले.

लीलाबाईंना लाज वाटायला हवी होती. त्यांचा ऊर भरून आला.

वेटर भला पोरगा. तो हसला नाही. त्याने ताटली अदबीने उचलली. "सर, ये तो धुली हुई लगती है."

"आपकी शेफ मॅडम को दिखा दीजिए," भाऊराव रुमालाने मिशा पुसत म्हणाले. "वो समझ जाएँगी."

ताटली काचेपलीकडे गेली. श्रावस्तीने ती हातात घेतली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. शेजारच्या भांडी धुणाऱ्याने ती घ्यायला हात पुढे केला, तर तिने मान हलवली. आपल्या ओट्यावर, समोर दिसेल अशी ती भिंतीला टेकवून उभी केली, कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि पुढच्या ताटात रस्सा वाढायला घेतला.