फौजी कुठं होता?

जुन्या पलटणीतल्या कर्नलसाहेबांचा फोन येऊन तासही झाला नव्हता, पण निवृत्त सुभेदार लालासाहेबांच्या पोटात गुपित राहीना. अठ्ठ्याण्णव सालापासून त्यांनी ते जपलं होतं. आता साहेबच म्हणाले होते, "घरात सांगायला हरकत नाही."

रंगूबाई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. लालासाहेब समोर बसले, घसा खाकरला. जन्मात एकदा तरी बायकोनं आपल्याकडं डोळे विस्फारून बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पलूसच्या अलीकडच्या त्या गावात त्यांना मान कमी नव्हता. उलट गाव जरा जास्तच जपायचं. कवठे महांकाळला बहिणीकडं निघाले, की कुणी ना कुणी एसटीत शेजारी येऊन बसे आणि परत येईपर्यंत पाठ सोडत नसे. गिरणीवाले दादासो तर अजूनही खांद्यावर हात ठेवून म्हणत, "घराकडं परतलास गड्या, ह्येच लय झालं." गावानं फौजी माणसाला एवढा जीव लावावा, याचं लालासाहेबांना भारी कौतुक.

"रंगू, त्या वर्सी मी पुण्यात गोदामावर न्हवतो."

"बरं."

"राजस्थानात हुतो. अणुबॉम्बच्या चाचणीचे खड्डे आमी तयार केले. आभाळातनं परदेशी उपग्रह बघायचे, म्हणून रातीचं काम करायचं आन् उजाडायच्या आत समदं हुतं तसं करून ठेवायचं. कुणाला पत्ता लागला न्हाई."

"मला लागला हुता," रंगूबाई शेंग फोडत म्हणाल्या. "सुट्टीला आलासा, तवा मी कपडे धुतले. खिशातनं मूठभर पिवळी वाळू निघाली. पुण्याच्या गोदामात कुठली आली वाळू?"

लालासाहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. साऱ्या जगाला चकवलं आणि घरात सापडले.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी लपवताय म्हंजे कायतरी मोठं असंल. वाळू घरामागं परड्यात नेऊन पुरली. तुमी परत गेलासा आन् गावात फोटो मोठा करून देणारा एकजण आला. फोटो ऱ्हायला बाजूला. तुमी कुठं हायसा, कवा येणार, काम कसलं करताय, ह्येच इचारत बसला. बोलणं आपल्याकडचं न्हवतं."

आता लालासाहेबांचेच डोळे विस्फारले. "हेर असणार त्यो. तू काय सांगितलंस?"

"पुणं सांगितलं असतं, तर त्यो पुण्यात जाऊन बघून आला असता. म्हणून असं सांगितलं, की त्यानं पुन्यांदा चौकशीच करू नये. गेला त्यो, परत दिसला न्हाई."

लालासाहेबांचा ऊर भरून आला. उठून उभे राहिले आणि त्यांनी बायकोला कडक सॅल्यूट ठोकला. "पर सांगितलंस तरी काय?"

रंगूबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे मात्र हसण्यानं हलत होते.

"म्हटलं, कसली ड्यूटी न् काय. सुट्टी टाकून नवरा कवठे महांकाळच्या एका बाईसंगं पळून गेलाय."

लालासाहेबांचा हात कपाळाशीच राहिला. "आन् ह्ये त्याला कुठं सांगितलंस?"

"दादासोच्या गिरणीत. दळणाला निम्मा गाव बसला हुता."