गेटपासून गॅरेजपर्यंत

कंत्राटदाराने डांबराच्या भेगेत स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

“वहिनी, वरून नवा थर टाकला तर दिसायला छान दिसेल,” गुडघे झटकत तो उठला. “पण खालची खडीच सरकलीय. दोन वर्षांत पुन्हा मला बोलावाल.”

गेटपासून गॅरेजपर्यंतचा तो डांबरी पट्टा जेमतेम एका गाडीच्या रुंदीचा होता. एकीकडे शेजाऱ्यांची भिंत, दुसरीकडे घर. डांबर जागोजागी उखडलं होतं, कडेने गवत माजलं होतं. गॅरेजच्या तोंडाशी असा खड्डा पडला होता की रोज सकाळी गाडीचं पोट घासायचं आणि वहिनींच्या नवऱ्याचं डोकं फिरायचं.

ती हातातल्या फडक्याला पीळ देत उभी होती.

“गाडीचं काय होईल?” तिने विचारलं.

कंत्राटदाराने समजावून सांगितलं. नुसता थर टाकला तर दुसऱ्या दिवशी गाडी निघेल. सगळं उखडून नव्याने करायचं तर आधी खोदाई, मग खडी, रोलर, डांबर, आणि ते पक्कं होईपर्यंत थांबायचं. आठवडाभर तरी त्याच्यावर चाक फिरवता येणार नाही. गाडी आदल्या दिवशीच रस्त्यावर लावून ठेवायची.

तिने पुन्हा विचारलं, मधे एखाद्या दिवशी फळ्याबिळ्या टाकून काढता येईल का? तो हसला. घरापेक्षा गाडीची काळजी करणारी गिऱ्हाइकं त्याला नवीन नव्हती.

“यांचं गाडीवाचून पान हलत नाही,” ती म्हणाली. “आणि काही विचारायचं असलं तर माझ्या दवाखान्यात फोन करा. घरी नको, यांना आवडत नाही.”

नवऱ्याचं गाडीवाचून पान हलत नव्हतं, हे खरंच होतं. दातांच्या ज्या दवाखान्यात ती पेशंटच्या वेळा बघायची, तिथे तो तिला रोज सोडायचा आणि सुटायच्या आधीच खाली येऊन थांबायचा. भाजी, औषधं, शिंपी, कुठेही जायचं असो, गाडी तयार. रात्री तिच्या फोनवरचे मेसेजसुद्धा तोच वाचून दाखवायचा, तिच्या डोळ्यांना ताण नको म्हणून. मागच्या वर्षी ती बहिणीकडे जायला एकटीच बसमध्ये बसली, तर दुसरा थांबा यायच्या आत हा गाडी घेऊन पुढे हजर. बस थांबवून तिला उतरवून घरी घेऊन आला. समोरच्या शिक्षिकाबाई हा किस्सा अजून सांगायच्या.

“आमच्याकडे मी महिनाभर गेले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही,” त्या म्हणायच्या. ती हसायची.

त्या संध्याकाळी ती एका जागी बसत नव्हती. धुतलेला पेला पुन्हा धुतला. पडदा सरकवला, परत जागेवर आणला. जेवताना नवऱ्याने विचारल्यावर तिने कंत्राटदाराचं म्हणणं सांगितलं आणि आपलं मतही सांगून टाकलं.

“वरचा थर पुरे आपल्याला. उगाच एवढा पसारा कशाला? समोरच्यांनी सगळं उखडून केलं, पण त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना जमतं.”

नवऱ्याचा घास हातात राहिला. जेवण उरकल्यावर टॉर्च घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ बुटाच्या टोकाने भेगा उकरत राहिला. ती खिडकीआडून बघत होती.

सकाळी गाडीत त्याने निर्णय सांगितला. अर्धवट काम त्याला चालत नाही. सगळं काढायचं.

“तुझं ऐकलं असतं तर दोन वर्षांनी पुन्हा खड्ड्यात,” तो म्हणाला.

“पण इतके दिवस गाडी बाहेर उभी राहणार...”

“राहू दे.”

तिने आणखी एकदा कुरकुर करून पाहिली. तो आणखीच पक्का झाला.

काम सोमवारी सुरू करायचं ठरलं. रविवारी संध्याकाळी नवरा गाडी बाहेर काढणार होता. शुक्रवारी दुपारी तिने दवाखान्यातून कंत्राटदाराला फोन लावला आणि हळू आवाजात दोन मिनिटं बोलली. फोन ठेवल्यावर पुढच्या पेशंटचं नाव तिने दोनदा चुकीचं पुकारलं. डॉक्टरीणबाईंनी बरं नाही का म्हणून विचारलं. झोप नीट झाली नाही, असं ती म्हणाली.

शनिवारी नवऱ्याला सुट्टी असायची, त्यामुळे तो उशिरापर्यंत झोपायचा. त्या शनिवारी त्याला जाग आली ती घरघरीने. पलंग हादरत होता. तो तसाच रात्रीच्या कपड्यांत बाहेर धावला.

गेटच्या तोंडाशी जेसीबी उभा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गुडघाभर खोल चर पडला होता आणि मशीनचा पंजा डांबराचं आणखी एक भलंमोठं ढेकूळ उचलत होता.

“सोमवारी यायचं होतं ना?” तो कंत्राटदारावर धावून गेला. “माझी गाडी आत आहे.”

कंत्राटदाराने हात वर करून मशीन थांबवलं. गॅरेजच्या बंद शटरकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“वहिनींनीच आज यायला सांगितलं, साहेब. गाडी बाहेर काढलीय म्हणाल्या.”

नवऱ्याने घराकडे वळून तिला हाक मारली. पुन्हा मारली, आवाज चढवून.

कंत्राटदार जरा घुटमळला.

“त्या आत नाहीत,” तो म्हणाला. “मघाशीच गेल्या. बॅगा जड होत्या, म्हणून आमच्या माणसांनीच टॅक्सीपर्यंत नेऊन दिल्या.”