घडीचं पान

"राजा झाडावर चढणार नाही," प्रकाशक म्हणाले. अजून न शिवलेल्या नमुना प्रतीतून त्यांनी ते एक पान काढलं, खणात टाकलं आणि कुलूप लावलं.

समोर बसलेल्या चित्रकार बाईने मांडीवरची पर्स उचलून खाली जमिनीवर ठेवली. तिला उठायची घाई नव्हती.

"काका, तो चढलाय. त्याच्याच दरबारातल्या माणसाने लिहून ठेवलंय. कोंबडा मागे लागला आणि महाराज झाडावर."

"लिहिलं असेल. पण एवढं राज्य उभं केलेला माणूस, आणि चिल्ल्यापिल्ल्यांना त्याची पहिली ओळख काय, तर कोंबड्याला भ्यायला? लोक माझी सालटी काढतील."

"घडी उघडून बघितलीत?"

ते पान घडीचं होतं. वर फांदीला मिठी मारून बसलेला राजा, आणि घडी खाली उलगडली की पुढची गंमत.

"वरचंच बघून पोट भरलं," प्रकाशक म्हणाले.

तिला राग आला. त्या झाडापायी किती कागद फाडले, ते तिचं तिला माहीत. मागच्या पुस्तकातली राणीची शिंक अशीच गेली होती, तेव्हा ती मुकाट्याने घरी गेली होती. या वेळी जाणार नव्हती.

"पान नसेल तर पुस्तकावर माझं नावही नको," ती म्हणाली.

"अगं, हट्ट किती करशील? त्या पानावाचून कुणाचं काही अडत नाही. थांब, दाखवतोच तुला."

शाळेला सुट्टी म्हणून त्यांची नात ऑफिसात आली होती आणि मघापासून फिरत्या खुर्चीत गरगरत होती. आजोबांनी खुर्ची धरून थांबवली आणि उरलेली पानं तिच्या हातात दिली.

नात बघू लागली. घोडे झाले, लढाई झाली, तह झाला. प्रकाशकांनी चित्रकार बाईकडे विजयी नजर टाकली. तिने नजर नातीच्या हातातल्या पानांवरच ठेवली. लहान मुलं ओळी वाचत नाहीत, कोपरे वाचतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून एकदा गोष्टीत आलेल्या कुणालाही ती मध्येच सोडून देत नसे. शेवटच्या पानापर्यंत कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात त्याला जागा मिळायचीच.

"आजोबा, हा कोंबडा कुणाचा?"

"कुठला कोंबडा?"

नातीने बोट ठेवलं. तहाच्या टेबलाखाली कोंबडा होता. पान उलटलं तर तो किल्ल्याच्या भिंतीवर होता. राज्याभिषेकाच्या चित्रात तर सिंहासनामागून त्याचा तुरा दिसत होता, आणि राजाने एक पाय हळूच वर घेतला होता.

प्रकाशकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मजकुराची ओळ न् ओळ त्यांनी तपासली होती. कोंबडं झाकायची म्हण चित्रकार बाईच्या अगदी ओठांवर आली, पण तिने ती गिळली.

"राजा याला घाबरतो?" नातीने विचारलं.

प्रकाशक कडक होते, पण नातीशी खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"एकदा घाबरला होता," ते म्हणाले.

"मग?"

"मग पळाला."

"कुठे?"

प्रकाशकांनी घसा साफ केला. "झाडावर."

नात इतकी हसली की खुर्ची मागे घरंगळत भिंतीला टेकली. ते हसू बघून आजोबांना राहवेना. ते उठून उभे राहिले, कोपरं बाहेर काढली, मान पुढे ताणली आणि कोंबडा राजाच्या अंगावर कसा धावून आला ते टेबलाभोवती एक फेरी मारून दाखवलं. ऑफिसात त्यांना असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"आणि मग राजा खाली कसा उतरला?"

प्रकाशक कोपरं तशीच ठेवून थबकले. त्यांनी चित्रकार बाईकडे पाहिलं.

"कसा उतरला गं?"

"ते त्या पानावर आहे," ती म्हणाली.

प्रकाशक खिशात किल्ली चाचपू लागले.