आईचा निळा डेल

खाण कंपनीतली गलेलठ्ठ पगाराची नोकरी सोडून सोलोंगो आजोबांसारखी कापडावर चित्रं काढायला लागली. पण एका चित्राने तिची झोप उडवली होती. तंबूच्या दारात पायघोळ निळा डेल घातलेली आई, हातात पळी, नोकरीसाठी शहराकडे निघालेल्या लेकीचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून वाटेवर दूध शिंपडतेय. जाणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं, म्हणून सोलोंगोने गाडीच्या आरशात चोरून पाहिलेलं ते शेवटचं दृश्य. त्याच आठवड्यात आई गेली.

सगळं जमलं, चेहरा तेवढा जमेना. कितीदा पुसला, तरी आईच्या डेलमधून बाबाच बघत राहायचे.

गावाहून आलेले बाबा चित्रापुढे उभे राहिले ते हलेचनात.

"चेहरा चुकलाय, बाबा. पुसतेच आता."

"पुसू नकोस. मिशा तेवढ्या राहिल्यात." बाबांनी डोळे टिपले. "त्या दिवशी आई तुला 'हो पुढे, आलेच' म्हणाली खरी, पण तिला उठवतच नव्हतं. 'दारात मी दिसले नाही तर पोरगी माघारी फिरेल, नोकरीवर पाणी सोडेल,' म्हणाली आणि तिचा डेल माझ्या अंगावर चढवला."