साठ लाद्या

"साठ लाद्या. सगळ्या अखंड हव्यात, चुरा करू नका," फोनवरची बाई म्हणाली आणि तिने पत्ता दिला बंदरावरच्या मासळीच्या लिलावघराचा.

थंडोबाने आकडा दोनदा विचारून घेतला. सगळी हयात बर्फाच्या कारखान्यात गेली म्हणून बंदरावर त्याला थंडोबाच म्हणत, आणि गेले तीन महिने तर तो खरोखरच हातावर हात ठेवून बसला होता. समुद्राचं पाणी तापलं तशी मासळी गारवा शोधत दूर, खोल पाण्यात निघून गेली होती. तिथवर इथल्या लहान होड्या पोचत नाहीत. मासळीच नाही तर बर्फ कोणाला हवा? महिनाअखेरीला यंत्र बंद करायचं मालकाने ठरवलं होतं. थंडोबा धरून अकरा जण घरी बसणार होते.

आणि आज एकदम साठ. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत.

अखंड लाद्यांचं त्याला जरा नवल वाटलं. मासळीला चुरा लागतो हे शेंबडं पोरही सांगेल. पण मोठी बोट लागली असेल, त्यांचे लोक फोडून घेतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पोटाला चिमटा बसलेला माणूस फार चौकशा करत नाही. त्याने आधी बायकोला फोन लावला.

"सुरी पाजवून ठेव. मासळी आलीय."

बायको लिलावघरात मासळी साफ करायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. टेम्पो पोचेपर्यंत दारापुढे वीस-पंचवीस बायका टोपल्या घेऊन हजर होत्या. उष्म्याच्या लाटेचा तो दहावा दिवस. सकाळचे दहा वाजले नव्हते तरी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. पण सावलीला कोण जातंय? थंडोबा घामाघूम झालेला आपण पहिल्यांदाच बघतोय, असं एकीने म्हटलं आणि सगळ्या खिदळल्या. तोही हसला. किती दिवसांनी हसला, त्याचं त्यालाच ठाऊक.

पहिली लादी त्याने स्वतः आकड्याने ओढत दारापर्यंत नेली. दार आतून उघडलं. तोंडाला फडकं बांधलेली एक डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि टोपल्यांकडे बघतच राहिली. तेवढ्यात थंडोबाची बायको त्याच्या हाताखालून आत सटकली. गटारीजवळची जागा कामाला सोयीची, आणि आधी जाईल तिचीच ती.

चार पावलांवर ती थबकली.

लिलावघराची फरशी उतरती आहे, बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून. त्या फरशीवर, जिथे खोके मांडत तिथेच, ओळीने माणसं निजवली होती. अंगावर चादरी होत्या. चादरी आखूड पडल्या होत्या, सगळ्यांचे पाय उघडे. गटारीजवळच्या तिच्या जागेवरही एक म्हातारी होती. तिच्या पायात अजून चपला होत्या.

इस्पितळात आता ठेवायला जागा उरली नाही, डॉक्टरीणबाई हळू आवाजात सांगू लागली. बहुतेक पत्र्याच्या घरांतले. झोपेतच गेले.

थंडोबाच्या बायकोने हातातली सुरी पाठीमागे लपवली.

"उद्याही साठ लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाली. "परवाही. कारखाना बंद तर नाही ना करणार?"

हेच कोणीतरी विचारावं म्हणून त्याने तीन महिने देव पाण्यात ठेवले होते. आकड्याला अडकलेली लादी उंबऱ्यावरच वितळू लागली, आणि पाण्याची धार नेहमीच्या उताराने गटारीकडे निघाली.

बाहेरून एकीने हाक दिली, "अरे थंडोबा, कुठली मासळी आलीय, सांग की."